टॅलिनचा ब्राँझचा शिपाई: चौकातून दफनभूमीत

पुतळे हलवायची भांडणं जगात काही कमी नाहीत, आपल्याकडे तर मुळीच नाहीत. पण दोन मीटरच्या एका ब्राँझच्या शिपायाला चौकातून उचलून जेमतेम दोन किलोमीटरवरच्या लष्करी दफनभूमीत नेलं आणि तेवढ्यापायी दोन रात्री दंगल, एका तरुणाचा खून, परदेशात वकिलातीला वेढा, आणि वर देशाच्या बँका, पेपर, मंत्रालयं यांच्या वेबसाइटवर तीन आठवडे हल्ला, एवढा सगळा मामला एकाच प्रकरणात सापडतो तो एस्टोनियाच्या राजधानीत, टॅलिनला, एप्रिल २००७ मध्ये. हे प्रकरण बहुतेक वेळा सायबर हल्ल्याची गोष्ट म्हणून सांगतात, आणि ते बरोबरही आहे, पण मला त्यातला कबरीचा भाग जास्त महत्त्वाचा वाटतो कारण खरी गाठ तिथेच आहे. त्या एका ठिकाणी तीन वेगवेगळ्या गोष्टी एकमेकींना चिकटलेल्या होत्या: खाली पुरलेली माणसं, वर उभा पुतळा, आणि ती जागा. सरकार म्हणत होतं आम्ही माणसं हलवतोय, पेपरात फोटो पुतळ्याचे येत होते, आणि भांडण होतं जागेचं.

मागचं थोडं सांगावंच लागेल. एस्टोनिया म्हणजे सगळा देश मिळून तेरा-साडेतेरा लाखांची वस्ती, आपल्या नाशिक शहरापेक्षाही कमी. १९४० मध्ये सोव्हिएत युनियनने हा देश गिळला, जून १९४१ मध्ये एका फटक्यात दहा हजारांच्या आसपास माणसं, बायका-मुलांसकट, गाड्यांत कोंबून रशियात पाठवली. मग जर्मन आले, तीन वर्षं राहिले. सप्टेंबर १९४४ मध्ये जर्मन माघार घेत निघाले तेव्हा मधल्या दोन-चार दिवसांच्या फटीत ओटो टीफ नावाच्या माणसाच्या नेतृत्वाखाली एस्टोनियन सरकार जाहीर झालं आणि टॅलिनच्या पिक हर्मान बुरुजावर एस्टोनियाचा झेंडा चढला. २२ सप्टेंबरला रेड आर्मी, म्हणजे सोव्हिएत सैन्य, शहरात शिरली आणि तिने जो झेंडा उतरवला तो हा. म्हणजे एस्टोनियन माणूस जेव्हा म्हणतो की हे आम्हाला सोडवायला नव्हते आले, तेव्हा तो नुसता चिडून बोलत नसतो, त्याच्याकडे तारीख असते. पुढे मार्च १९४९ मध्ये आणखी वीस हजारांवर लोक हद्दपार झाले, त्यामुळे जवळपास प्रत्येक घरात कोणी ना कोणी सायबेरियात गेलेलं.

आणि दुसऱ्या बाजूला रशियन कुटुंब, ज्यांचा आजोबा नाझींशी लढताना मेला. तो काही एस्टोनिया गिळायला म्हणून घरून निघाला नव्हता, त्याला जिकडे पाठवलं तिकडे तो गेला. हे दोन्ही खरं आहे. एकाच तारखेवर दोन्ही खरं असणं हीच त्या चौकाची अडचण.

चौकाचं नाव टोनिस्मागी, जुन्या शहराच्या लगतची चढावरची जागा, बाजूला कार्ली चर्च, आता राष्ट्रीय ग्रंथालयही तिथेच. १९४४-४५ मध्ये इथे रेड आर्मीची काही माणसं पुरली, यादीत नावं तेरा. त्यावर आधी एक लाकडी स्मारक होतं. ८ मे १९४६ ला ते उडवलं गेलं, आणि उडवणाऱ्या कोण तर दोन शाळकरी मुली, एक चौदा वर्षांची, एक पंधरा. सोव्हिएत राजवटीने एस्टोनियाच्या १९१८-२० च्या स्वातंत्र्ययुद्धाची स्मारकं गावोगावी पाडायला घेतली होती, त्याचा हा सूड. दोघींना पकडून श्रमछावणीत धाडलं. १९९८ मध्ये राष्ट्राध्यक्ष लेनार्ट मेरी यांनी त्याच दोघींना सन्मानपदक दिलं. एकाच कृत्याबद्दल एका सरकारने छावणी दिली आणि पन्नास वर्षांनी दुसऱ्याने पदक, यावरून तो चौक किती ज्वालाग्राही होता ते कळावं.

लाकडी स्मारक गेल्यावर २२ सप्टेंबर १९४७ ला, टॅलिन घेतल्याच्या तिसऱ्या वाढदिवशी, ब्राँझचा शिपाई उभा राहिला. अधिकृत नाव टॅलिनच्या मुक्तिदात्यांचं स्मारक. शिल्पकार एन रोस, वास्तुकार आर्नोल्ड आलास, दोघेही एस्टोनियनच. आता हा पुतळा नीट बघण्यासारखा आहे. सोव्हिएत स्मारक म्हटलं की आपल्या डोळ्यापुढे काय येतं, छाती काढलेला, बंदूक उगारलेला, पश्चिमेकडे बोट दाखवणारा कोणीतरी. हा तसला नाहीये. डोक्यावरचं हेल्मेट काढून हातात घेतलेलं, मान खाली, मागे दगडी भिंत. युनिफॉर्म रेड आर्मीचा आहे पण उभं राहणं मयताला आलेल्या माणसाचं. शहरात पूर्वापार बोलवा अशी की रोसने चेहरामोहरा क्रिस्त्यान पालुसालूचा घेतला, म्हणजे १९३६ च्या बर्लिन ऑलिंपिकमध्ये कुस्तीच्या दोन्ही प्रकारांत हेवीवेटचं सुवर्ण नेणारा एस्टोनियाचा पैलवान. खरंखोटं सोडून द्या, पण लोकांना ते खरं वाटावंसं वाटलं हे बोलकं आहे. रशियन लोक त्याला लाडाने अल्योशा म्हणतात. मुद्दा एवढाच की नुसता पुतळा बघितला तर तो चौकापेक्षा दफनभूमीतच जास्त शोभेल, आणि हे मत त्याच्या बाजूच्या आणि विरोधातल्या, दोन्हीकडच्या काही लोकांचं होतं.

१९९१ मध्ये एस्टोनिया स्वतंत्र झाला. १९६४ पासून पुतळ्यासमोर जळणारी अखंड ज्योत विझवली, पाट्या बदलल्या, १९९५ च्या सुमारास मजकूर झाला दुसऱ्या महायुद्धात पडलेल्यांसाठी, एस्टोनियन आणि रशियन दोन्ही भाषांत. मुक्तिदाते वगैरे गेलं. आणि मग दहा-बारा वर्षं फारसं काहीच झालं नाही. ट्रॉलीबसचा स्टॉप शेजारी, लोक येतायत जातायत, वर्षातून एकदा ९ मेला, म्हणजे नाझी जर्मनीवरच्या विजयाच्या सोव्हिएत दिवशी, रशियन म्हातारेकोतारे पदकं लावून यायचे, लाल कार्नेशनची फुलं ठेवायचे, थोडी गाणी, थोडी व्होडका, घरी.

पण ही माणसं कोण हे लक्षात घ्या. युद्धाआधी एस्टोनियात रशियन आठ टक्क्यांच्या आसपास होते, १९८९ पर्यंत ते तीस टक्क्यांवर गेले कारण कारखान्यांसाठी, लष्करासाठी बाहेरून माणसं आणून वसवली. स्वातंत्र्यानंतर नागरिकत्व मिळालं ते १९४० च्या आधीच्या नागरिकांना आणि त्यांच्या वंशजांना, बाकीच्यांनी एस्टोनियन भाषेची परीक्षा द्यायची. कित्येकांनी दिली, कित्येकांना ती जमली नाही किंवा त्यांनी अपमान म्हणून दिलीच नाही, त्यामुळे २००७ मध्येही लाखाच्या वर लोक कोणत्याच देशाचे नागरिक नव्हते, खिशात करड्या रंगाचा परकीयाचा पासपोर्ट. जन्म टॅलिनचा, वय चाळीस, आणि संसदेच्या निवडणुकीत मत नाही. अशा माणसाला शहराच्या मधोमध एक जागा आपली वाटत होती, ती ही. एस्टोनियन माणसाला नेमकं तेच खुपत होतं. दोघांनाही पुतळ्याचं देणंघेणं थोडं कमीच होतं असं मला वाटतं.

ठिणगी मात्र भलतीकडे पडली, आणि हे बऱ्याच लेखांत येतच नाही. पश्चिम एस्टोनियात लिहुला नावाचं छोटं गाव आहे. ऑगस्ट २००४ मध्ये तिथल्या दफनभूमीत एक स्मारक उभं केलं, जर्मन युनिफॉर्म घालून रेड आर्मीविरुद्ध लढलेल्या एस्टोनियन पुरुषांचं. जर्मन युनिफॉर्म म्हटल्यावर युरोपात बोंब होणारच, देश तर त्याच वर्षी नाटो आणि युरोपियन युनियनमध्ये गेलेला. सरकार घाबरलं, २ सप्टेंबरला संध्याकाळी क्रेन आणि दंगलविरोधी पोलीस पाठवून स्मारक उचललं, गावकऱ्यांनी दगड मारले, पोलिसांनी बडवलं. त्या दिवसापासून एस्टोनियन घराघरात एकच सवाल, आमच्या पोरांचं स्मारक कबरस्तानातसुद्धा चालत नाही आणि त्यांचं राजधानीच्या चौकात चालतं? या सवालाला सरकारकडे उत्तर नव्हतं. खरं सांगायचं तर टोनिस्मागीचा निकाल निम्मा लिहुलातच लागला होता.

२००६ च्या ९ मेला चौकात रशियन गर्दी जमलेली असताना काही एस्टोनियन आपला झेंडा आणि फलक घेऊन आले, वातावरण तापलं म्हणून पोलिसांनी झेंडेवाल्यांनाच बाजूला काढलं. एस्टोनियाच्या राजधानीत एस्टोनियाचा झेंडा घेऊन उभं राहिलेल्याला एस्टोनियाचे पोलीस हटवतात, हे दृश्य टीव्हीवर गेलं आणि मग कुठलंही सरकार ते विसरू शकत नव्हतं. मेअखेरीस पोलिसांनी पुतळ्याभोवती फीत लावून जागा बंद केली ती उन्हाळा सरेपर्यंत. इकडे रशियन तरुणांचा एक गट रात्रीचा पहारा असं नाव घेऊन पुतळ्याची राखण करायला लागला. आणि मार्च २००७ मध्ये निवडणूक, म्हणजे झालंच. पंतप्रधान आन्द्रुस आन्सिप यांच्या रिफॉर्म पक्षाने शिपाई हलवायची बाजू उघड घेतली आणि पक्ष पहिल्या नंबरवर आला.

आता कायदा, कारण प्रकरण म्हणून अभ्यासायचं तर सगळ्यात रंजक भाग हाच. सरकारसमोर दोन रस्ते होते. एक, सरळ म्हणायचं की हे परक्या राजवटीचं स्मारक आहे, आम्हाला नको. तसं एक विधेयक आलंही, निषिद्ध बांधकामांच्या नावाखाली, संसदेत काठावर पास झालं आणि राष्ट्राध्यक्ष टोमास हेन्ड्रिक इल्वेस यांनी घटनेत बसत नाही म्हणून परत पाठवलं. दुसरा रस्ता कबरीतून जाणारा. जानेवारी २००७ मध्ये युद्धकबरींच्या संरक्षणाचा कायदा झाला. त्याचा गाभा साधा आहे, युद्धात मेलेला माणूस कोणत्याही बाजूचा असो, त्याची कबर मान राखून जपली पाहिजे, आणि बाग, रहदारीचा चौक, इमारतीचं आवार अशा ठिकाणी असलेली कबर योग्य जागी नाही, ती दफनभूमीत नेता येईल. जिनिव्हा करारांच्या १९७७ च्या पहिल्या पुरवणी करारातलं ३४ वं कलम याच विषयाचं आहे, मृतांचे अवशेष उकरायला परवानगी कधी, तर फार मोठी सार्वजनिक गरज असेल तर, आणि मृतांच्या देशाला आधी कळवून.

ऐकायला हे कसं शहाणपणाचं वाटतं, आणि आहेही. पुण्यातल्या लोकांना खडकीची वॉर सिमेट्री माहीत असेल, तिथल्या दुसऱ्या महायुद्धाच्या कबरी हे असंच केलेलं काम आहे, पश्चिम आणि मध्य भारतात जिथेतिथे विखुरलेल्या, जिथे कायमची देखभाल होणार नाही अशा कबरी उचलून एका जागी आणल्या. तिथे कोणी दगड मारला नाही. कारण त्या कबरी हलवण्यात कोणाचा राजकीय फायदा नव्हता आणि कोणाचं नाक कापलं जात नव्हतं. टॅलिनमध्ये तेच काम, तोच तर्क, पण सगळ्यांना माहीत होतं की ट्रॉलीबसच्या स्टॉपशेजारी मुडदे आहेत म्हणून कोणाची झोप उडालेली नाहीये. वर्षानुवर्षं स्टॉप तिथेच होता की. कायद्याचं कारण खोटं नव्हतं, फक्त ते कारण म्हणून कोणी हा कायदा केला नव्हता. अशी अर्धी-खरी कारणं सरकारला कोर्टात तारतात पण रस्त्यावर नाही तारत.

त्यात भर म्हणजे खाली नेमकं कोण आहे यावर अफवांचा बाजार. काही म्हणायचे खाली कोणीच नाही, काही म्हणायचे युद्धात मेलेले नाहीतच, दारू पिऊन आपल्याच रणगाड्याखाली आलेले आहेत, कोणी म्हणे लुटालूट करताना गोळी घातलेले. चहाच्या टपरीवर हे चालतं. पण या गोष्टी नेतेमंडळींच्याही तोंडात यायला लागल्या, आणि जे सरकार एकीकडे म्हणतंय की आम्ही मृतांचा मान राखायला हे करतोय त्याच्याच माणसांनी मृतांची टिंगल करावी, मग कोण विश्वास ठेवणार तुमच्या कायद्यावर? माझ्या दृष्टीने संपूर्ण प्रकरणातली सगळ्यात स्वस्तात टाळता आली असती अशी चूक ही.

२६ एप्रिलला पहाटे पोलिसांनी चौक घेरला, पुतळ्यावर आणि आजूबाजूला मोठा पांढरा तंबू ठोकला. सांगितलं असं की आत्ता फक्त उत्खनन, कबरी आहेत का ते बघायचंय, पुतळ्याचं पुढे बघू. दिवसभर लोक जमत गेले. बहुतेक जण नुसते उभे होते, फुलं, मेणबत्त्या, काही आज्या रडतायत. अंधार पडल्यावर रंग बदलला. पोलिसांनी अश्रुधूर सोडला, जमाव मागे हटला तो सरळ शहरात घुसला आणि मग पुतळा राहिला बाजूला, दुकानांच्या काचा, किऑस्क, बस स्टॉप, लूट. शिपायाच्या मानासाठी आलेल्या जमावातले लोक कपड्यांची खोकी आणि दारूच्या बाटल्या घेऊन पळताना कॅमेऱ्यात सापडले, आणि दुसऱ्या दिवशी या फोटोंनी एस्टोनियन बाजूचं काम फुकटात करून टाकलं. त्याच रात्री वीस वर्षांच्या एका रशियन तरुणाला सुऱ्याने भोसकलं आणि तो गेला. त्या खुनासाठी आजतागायत कोणाला शिक्षा झालेली नाही.

सरकारची रात्रीतून तातडीची बैठक झाली आणि निर्णय झाला की आता थांबायचं नाही, पुतळा लगेच काढायचा. २७ एप्रिलला उजाडेपर्यंत टोनिस्मागीवर शिपाई नव्हता, आणि कुठे नेला तेही आधी सांगितलं नाही, म्हणे पोलिसांच्या ताब्यात सुरक्षित आहे. या दोन-तीन दिवसांच्या गुपिताने काय केलं, तर रशियन टीव्हीवर बातमी पसरली की शिपायाला कापून तुकडे केलेत. दुसऱ्या रात्री पुन्हा दंगल, यावेळी ईशान्येच्या रशियनबहुल गावांतही. दोन रात्रीत हजाराच्या वर लोक उचलले, ठेवायला जागा पुरेना म्हणून बंदराचं डी टर्मिनल कोठडी म्हणून वापरलं, तिथे मारहाण झाल्याच्या तक्रारी पुढे बराच काळ चालल्या. दारूविक्रीवर २ मेपर्यंत बंदी. दंगलीचे सूत्रधार म्हणून चौघांवर खटला भरला, जानेवारी २००९ मध्ये चौघेही निर्दोष सुटले. सरकार म्हणत आलं हे सगळं मॉस्कोने घडवलं, आणि मॉस्कोने तेल ओतलं यात मला शंका नाही, पण निदान कोर्टात तरी कट सिद्ध झाला नाही, ही गोष्ट एस्टोनियाचं कौतुक करणारे लोक पटकन गिळून टाकतात.

मॉस्कोत एस्टोनियाच्या वकिलातीसमोर क्रेमलिनधार्जिण्या युवक संघटनांनी आठवडाभर ठिय्या दिला, राजदूत मारिना काल्युरांद यांच्या पत्रकार परिषदेत घुसायचा प्रयत्न झाला. रशियन संसदेचं शिष्टमंडळ टॅलिनला पाहणीला म्हणून आलं आणि त्यांच्या प्रमुखाने यायच्या आधीच एस्टोनियन सरकारने राजीनामा द्यावा असं सांगून टाकलं, मग पाहणी कसली डोंबलाची. एस्टोनियाच्या बंदरांतून जाणारा रशियन मालही आटला, रेल्वेमार्गाच्या दुरुस्तीचं निमित्त झालं.

आणि २७ एप्रिलपासून सायबर हल्ला. एस्टोनिया म्हणजे नुकतीच, त्याच मार्चमध्ये, संसदेची निवडणूक इंटरनेटवरून मत देऊन घेणारा जगातला पहिला देश. बँकेची कामं तर लोक आधीपासूनच घरबसल्या करायचे. सुरुवात साधी होती, रशियन फोरमवर कोणत्या वेबसाइटवर कसा भडिमार करायचा याच्या रेडीमेड सूचना टाकल्या जात होत्या आणि पोरं त्या कॉपी-पेस्ट करत होती. रिफॉर्म पक्षाच्या साइटवर कोणीतरी आन्सिप यांच्या नावाने खोटं माफीपत्रच चिकटवलं. मग मोठे बॉटनेट, म्हणजे मालकाला नकळत ताब्यात घेतलेल्या संगणकांच्या फौजा, आले, ९ मेच्या आसपास कळस झाला, हान्सापँक ही सगळ्यात मोठी बँक काही वेळ बंद पडली, पेपरांनी परदेशातून येणारी सगळी रहदारीच तोडली, त्यामुळे देशात काय चाललंय हे सांगायची वेळ आली तेव्हाच बाहेरच्यांना त्यांचे पेपर दिसेनात. एवढ्या सगळ्यात शिक्षा झाली ती एस्टोनियातल्याच एका रशियन विद्यार्थ्याला, १७,५०० क्रोन दंड. २००८ मध्ये नाटोचं सायबर संरक्षण केंद्र टॅलिनला आलं, हे केंद्र काढायचं आधीपासून घाटत होतं पण या प्रकरणाने त्याला ढकललं.

आता दफनभूमीकडे येऊ. ३० एप्रिलला शिपाई लष्करी दफनभूमीत दिसला, सबंध, पाय-बिय सगळे जागेवर, आणि कापल्याची बातमी तिथल्या तिथे मेली. मागची दगडी भिंत नंतर बांधून घेतली, ८ मेला रीतसर कार्यक्रम झाला, ९ मेला रशियन लोक रांगा लावून फुलं घेऊन आले आणि काहीही गडबड झाली नाही. फक्त दोन आठवडे आधी ज्या शहरात काचा फुटत होत्या तिथे!

ही दफनभूमी स्वतःच मोठी गमतीदार जागा आहे. सुरुवात झारच्या काळातल्या छावणीची, मग स्वतंत्र एस्टोनियाच्या सेनापती-अधिकाऱ्यांची, त्यांच्या स्वातंत्र्ययुद्धात मदतीला आलेल्या ब्रिटिशांपैकी काही इथे, पुढे जर्मन सैनिक, पुढे सोव्हिएत. सोव्हिएत काळात जुन्या एस्टोनियन कबरींचे दगड फोडले आणि त्याच जमिनीवर आपली माणसं पुरली. म्हणजे शिपाई जिथे गेला ती जागा काही त्याच्यासाठी परकी नव्हती आणि तशी निर्मळही नव्हती.

टोनिस्मागीला तंबूखाली उत्खनन चालूच होतं. खाली कोणीच नाही म्हणणाऱ्यांचं तोंड बंद झालं, बारा जणांचे अवशेष मिळाले. डीएनए तपासणी झाली, नातेवाईक शोधले. काहींच्या घरच्यांनी अवशेष मागून घेतले, त्यात लष्करी वैद्यकीय पथकातली येलेना वार्शाव्स्काया ही एक, तिला पुढे जेरुसलेमला ऑलिव्ह पर्वतावर पुरलं. उरलेल्या आठ जणांना ३ जुलै २००७ ला शिपायाशेजारी दफनभूमीत पुन्हा दफन केलं. साठ वर्षं ज्यांच्या डोक्यावर दोन्हीकडचे लोक भांडले त्यांची नावानिशी चौकशी पहिल्यांदा झाली ती या उत्खननात, हेही नोंदवायला हवं. सरकारने कायद्यात जे लिहिलं होतं ते या भागापुरतं त्यांनी मनापासून केलं.

मग हे सगळं बरोबर झालं की चूक? मी लोकांना यावर वाद घालताना पाहतो तेव्हा ते एकतर पूर्ण बरोबर म्हणतात नाहीतर पूर्ण चूक. माझं म्हणणं असं, जागा बरोबर निवडली. पाडायचा नाही, वितळवायचा नाही, म्युझियमच्या मागे टाकायचा नाही, मृतांसकट दफनभूमीत न्यायचा, याहून चांगला पर्याय मला तरी सुचत नाही. चुकलं ते वेळेत आणि बोलण्यात. ९ मेच्या तोंडावर, दोन आठवडे आधी हे काढायची काय गरज होती? अर्थात सरकारचा हिशेब असा की ९ मेला चौकात पुन्हा मारामारी व्हायच्या आत उरकावं. पण मग तारीख जाहीर करायची, त्या म्हाताऱ्यांच्या संघटनांना आधी दफनभूमीतली जागा दाखवायची, अवशेष सापडले की त्यांच्यासोबत मिरवणुकीने पुतळा न्यायचा. हे केल्याने दंगल टळलीच असती असं नाही म्हणत मी, ज्यांना काचा फोडायच्या होत्या त्यांनी फोडल्याच असत्या. पण रडणाऱ्या आज्या आणि काचा फोडणारी पोरं या दोन गर्दी वेगळ्या झाल्या असत्या. पहाटेचा तंबू आणि अज्ञात स्थळी नेलेला पुतळा यांनी त्या एक करून टाकल्या.

याची किंमत नंतर बरीच वर्षं चुकवली गेली. त्या रात्री सोळा-सतरा वर्षांचे असलेले, उत्तम एस्टोनियन बोलणारे रशियन तरुण पुढे सांगत राहिले की तोपर्यंत आम्हाला आपण कोण हा प्रश्नच पडला नव्हता. टोनिस्मागीला आता हिरवळ आणि फुलझाडं आहेत. तिथून चालत काही मिनिटांवर, स्वातंत्र्य चौकात, २००९ मध्ये एस्टोनियाच्या स्वातंत्र्ययुद्धाचा काचेचा उंच क्रॉस उभा केला, त्याच्या दिव्यांच्या आणि काचांच्या तक्रारी काही वर्षं चालू होत्या आणि त्यावर एस्टोनियन लोक स्वतःच भरपूर विनोद करतात.

२०२२ मध्ये युक्रेनवर हल्ला झाल्यावर सगळ्या बाल्टिक पट्ट्यात सोव्हिएत स्मारकांवर वरवंटा फिरला. २५ ऑगस्टला लॅटव्हियात रिगाचा एकोणऐंशी मीटरचा स्तंभ पाण्याच्या तळ्यात आडवा पाडला. त्याआधी १६ ऑगस्टला एस्टोनियाच्या नार्वात रस्त्याकडेचा टी-३४ रणगाडा उचलून विम्सीच्या युद्ध संग्रहालयात नेला. त्या वेळीही देशावर सायबर हल्ला झाला, २००७ नंतरचा सगळ्यात मोठा, आणि बहुतेक लोकांच्या तो लक्षातही आला नाही. हे सांगणारे सरकारचे तंत्रज्ञान अधिकारी होते लुकास इल्वेस, म्हणजे २००७ मध्ये ते विधेयक परत पाठवणाऱ्या राष्ट्राध्यक्षांचा मुलगा.

ब्राँझचा शिपाई मात्र जिथे होता तिथेच राहिला. रणगाड्याखाली कोणी पुरलेलं नव्हतं, शिपायाशेजारी आठ जण आहेत, आणि सरकारपाशी कोणी विषय काढला तर उत्तर तयार होतं, तो दफनभूमीत आहे, त्याची जागा तीच. म्हणजे ज्या कबरीच्या कारणाने त्याला चौकातून काढलं त्याच कारणाने तो पंधरा वर्षांनी टिकला. जर तो २०२२ पर्यंत टोनिस्मागीवरच राहिला असता तर त्याची गत काय झाली असती ते सांगायला नको, ज्या लोकांनी २००७ मध्ये हलवू नका म्हणून घसा फोडला त्यांना हे पचायला जड जातं पण आहे ते असं आहे. तरी एक बारीक गोष्ट: कायदा संरक्षण देतो ते कबरीला. वर खूण म्हणून काय ठेवायचं, पंचकोनी चांदणी, रेड आर्मीचा शिपाई की नुसता नावाचा दगड, हे सरकारच्या हातात आहे, आणि २०२२ नंतर देशात इतर ठिकाणी कबरींवरच्या अशा खुणा काढून साधे दगड बसवायचं काम सुरूही झालं.